वेताळ टेकडीचा काळा, राजापूरचा तांबडा

माझ्या टेबलावर दोन दगड आहेत. काळा वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीजवळ मिळालेला, तांबडा राजापूरहून पिशवीत घालून आणलेला. काळ्यावर चमचाभर पाणी टाकलं की ते ओघळून टेबलावर येतं. तांबड्यावर टाकलं की दिसेनासं होतं, आणि पहिल्या पावसासारखा मातीचा वास सुटतो. काळा हाताला गार आणि जड लागतो. तांबडा खडबडीत, मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. घरी येणारी मुलं हे दोन्ही दगड उचलून बघतात आणि दोन वेगळ्या देशांचे असावेत, असं समजून खाली ठेवतात. प्रत्यक्षात तांबडा हे काळ्याचंच रूपांतर आहे. कोकण समजून घ्यायचं तर सुरुवात समुद्रापासून नाही, या तांबड्या दगडापासून करावी, असं मला मनापासून वाटतं.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. पुणे त्यावरच वसलंय, सिंहगडाचे कडे त्याचेच, आणि रायगड-रत्नागिरीचा पायाही तोच. (सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला मात्र याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात.) या काळ्या खडकाला, म्हणजे बसाल्टला, चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कडक ऊन असं लाखो वर्षं मिळालं की तो आतून कुजायला लागतो. पावसाचं पाणी त्यातला चुना, सोडा, पोटॅश, मॅग्नेशियम आणि हळूहळू सिलिकासुद्धा धुऊन नेतं. लोखंड आणि ॲल्युमिनियम सहजी विरघळत नाहीत, ते मागे उरतात. लोखंड गंजतं, म्हणून रंग तांबडा. हाच जांभा. पाचगणीच्या टेबललँडवर आपण ज्या सपाटीवर फिरतो तीही जांभ्याचीच, पण कोकणातला जांभा खालचा, समुद्राजवळच्या सपाट माथ्यांवर पसरलेला. त्या माथ्याला तिकडे सडा म्हणतात, उघड्या खडकाला कातळ.

जांभ्याचा एक गुण फार देखणा आहे. जमिनीत ओला असताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे तासता येतात. बाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की त्यातलं पाणी जातं, लोखंडाची संयुगं घट्ट होतात आणि चिरा टणक बनतो. केरळात अंगडीपुरमला लोक अशाच विटा कापताना पाहून फ्रान्सिस बुकॅनन यांनी 1807 मध्ये या दगडाला ‘लॅटराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. आपल्याकडे तर विजयदुर्गाची तटबंदीही याच दगडाची आहे.

आता पाण्याचं बघू. रत्नागिरीला वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला 700 च्या आसपास. तरी एप्रिल-मे महिन्यात कोकणातल्या वाड्यांवर पाण्याचे टँकर जातात. पुण्यातल्या माणसाला हे कोडंच वाटतं, पण उत्तर माझ्या टेबलावरच्या चमचाभर पाण्यात आहे. सडा पाणी पितो, साठवून मात्र ठेवत नाही. भोकाभोकांतून पाणी खाली झिरपतं, जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थराला अडतं आणि त्या थरावरून सरकत सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. जुन्या वाड्या उतारावर, झऱ्यांच्या रेषेत वसलेल्या दिसतात त्या याचमुळे. झऱ्याखाली सुपारी-नारळाची आगरं, त्याखाली भाताचे मळे, आणि वर, जिथे माती वीतभरही नाही, तिथे वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पाऊस थांबला की झरा महिन्यामहिन्याने बारीक होत जातो.

समुद्रानेही कोकणाची एक घडण ठरवली. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. बर्फ वितळलं तसं पाणी चढलं आणि नद्यांच्या खोऱ्यांत आत घुसलं. त्याच आपल्या खाड्या. भरतीबरोबर गलबत जिथवर आत येऊ शकत होतं, तिथे पेठ उभी राहिली: सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, पुढे संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण. तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. महाडहून वरंध घाटाने भोरकडे, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे. मीठ, सुकी मासळी, नारळ वर. धान्य, गूळ खाली. याच मांडणीचा फार जुना पुरावा आपल्या पुणे जिल्ह्याच्या वेशीवर आहे: जुन्नर आणि कल्याण जोडणारा नाणेघाट. तिथे सातवाहनांचा शिलालेख आहे आणि दगडी रांजणही, ज्यात जकात गोळा होत असे, असं परंपरा सांगते.

पेठेला जागा देणारी हीच भरती घातही करते. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा घाटावरून उतरणारं पाणी आणि समुद्राची भरती एकाच जागी भेटली होती.

आगगाडीने ही मांडणी मोडली. 1863 मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि मुंबई-पुणे जोडलं गेलं. घाटावरचा माल मुंबईच्या वाटेला लागला, खाड्या गाळाने भरत गेल्या, पेठा ओसरल्या, माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. घरोघरी चाकरमान्याच्या मनीऑर्डरची वाट बघितली जाऊ लागली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटरची कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती 1998 मध्ये. दोन तारखांमध्ये 135 वर्षं आहेत. कोकणाच्या गरिबीबद्दल बोलताना आळसाचे दाखले देणाऱ्यांनी हा आकडा आठवावा.

आणि मग हापूस. एप्रिलमध्ये मार्केट यार्डात पेटी उघडली की गवतात निजलेल्या आंब्यांच्या आधी वास येतो. त्या वासावर पुण्यातच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, अभ्यास झाला आहे. कच्च्या हापूसमध्ये टर्पीन गटातली द्रव्यं भरलेली असतात. फळ आढीत पिकू लागलं की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही गोड वासाची द्रव्यं तयार होतात. देवगड, वेंगुर्ले आणि दापोली इथल्या फळांची तुलना केल्यावर, जात एकच असूनही वासद्रव्यांच्या प्रमाणात फरक दिसला. जिभेला आधीपासून माहीत असलेली गोष्ट यंत्रानेही दाखवली.

यातलं किती श्रेय जमिनीचं आणि किती हवेचं हे वेगळं काढणं अवघड आहे, पण आंब्याच्या झाडाला मोहोर यायला पावसानंतर ताण लागतो, मुळाशी पाणी साचून चालत नाही, आणि पाणी धरून न ठेवणारा सडा त्याला हे आयतंच देतो. भाताला नकोशी असलेली जमीन आंब्याला मानवली. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा कातळात खड्डे फोडून, दुसरीकडून आणलेली माती त्यात भरून लोकांनी कलमं लावली. भाताच्या शेतात उभं राहून माणूस आकाशाकडे बघतो, तसं हे लोक जानेवारीत मोहोराकडे बघतात. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं.

सातबाऱ्यावर मात्र असा कातळ ‘पोटखराब’ म्हणून नोंदलेला असतो, लागवडीला निरुपयोगी. याच सड्यांवर राजापूरजवळ बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, मासे, माणसं कोरली आहेत. कातळशिल्पं म्हणतात त्यांना. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आणि खालच्या प्रत्येक झऱ्याचं पाणी या ‘पोटखराब’ जमिनीतूनच येतं. सड्याचा वरचा थर कापून नेला की पाणी मुरायची जागाच जाते.

माझा तांबडा दगड ज्या वाडीतून आणला, तिथे मे महिन्यात झऱ्याखाली हंडे-कळशांची रांग होती. पाण्याची धार करंगळीएवढी. एका आजींनी आपली कळशी भरेपर्यंत मला बसायला सांगितलं, मी वीस मिनिटं बसलो. एवढा वेळ वर सड्यावर चिरे कापायच्या यंत्राचा आवाज थांबला नव्हता.