विकास प्रभाव शुल्क : महागाईनुसार वार्षिक फेरबदल

अमेरिकेतील शहरे नव्या बांधकामाकडून परवान्याच्या वेळी एकरकमी जे शुल्क घेतात, त्याला विकास प्रभाव शुल्क किंवा सरळ 'इम्पॅक्ट फी' म्हणतात. नवी वस्ती आली की रस्त्यावर गाड्या वाढतात, पाणी जास्त लागते, सांडपाण्याची वाहिनी अपुरी पडते, आगीचा बंब पोहोचायला उशीर होऊ लागतो. या वाढीव सुविधांच्या भांडवली खर्चातला नव्या वस्तीचा वाटा म्हणजे हे शुल्क. ते ठराविक आकड्यात सांगितलेले असते : एका घरामागे इतके डॉलर, दुकानाच्या दर चौरस फुटामागे इतके. आकडा ठरतो त्या दिवशीच्या बांधकाम दरांवर आणि रस्ता मात्र पाच-दहा वर्षांनी होतो. आकडा तेवढाच राहिला तर रस्त्याला पैसे पुरत नाहीत. म्हणून अनेक शहरांनी आपल्या स्थानिक कायद्यातच तरतूद केली आहे, की हे शुल्क दरवर्षी एखाद्या प्रसिद्ध किंमत निर्देशांकाच्या प्रमाणात आपोआप बदलेल. या नोंदीचा विषय ही तरतूद आहे.

पार्श्वभूमी

पाणी आणि सांडपाण्याच्या जोडणीसाठी असे शुल्क फार पूर्वीपासून घेतले जात होते. त्याला भक्कम न्यायालयीन आधार मिळाला तो फ्लोरिडातील डनिडिन शहराच्या खटल्यात. १९७६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नव्या जोडण्यांमुळे लागणाऱ्या विस्ताराचा खर्च नव्या ग्राहकांकडून घेता येईल. मात्र तो पैसा त्याच विस्तारावर खर्च झाला पाहिजे. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केले. मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला गेला आणि मालकी बदलत नाही तोवर मूल्यांकनात वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढ करायला मनाई झाली. शहरांच्या तिजोरीचा मोठा झरा आटला आणि नव्या बांधकामावरचे शुल्क वाढत गेले. टेक्सासने १९८७ मध्ये या शुल्काचा सर्वसाधारण कायदा केला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी मंजूर केलेला 'मिटिगेशन फी अ‍ॅक्ट' १९८९ पासून लागू झाला.

तूट कशी पडते

हिशेब काल्पनिक आहे, पण असेच घडते. एका चौकात सिग्नल बसवायचा आहे आणि वळणासाठी एक जादा मार्गिका काढायची आहे. खर्च २० लाख डॉलर. त्या भागात ५०० घरे येणार, म्हणजे दर घरामागे ४,००० डॉलर. घरे एकदम येत नाहीत. आठ वर्षांत हळूहळू बांधली जातात. बांधकामाचा खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढला, तर आठव्या वर्षी त्याच चौकाला साडेएकोणतीस लाख डॉलर लागतात. जमा झालेले असतात २० लाख आणि त्यावरचे व्याज. कॅलिफोर्नियात हे व्याज त्याच खात्यात जमा करावे लागते. पण ज्या वर्षांत डांबर-सिमेंटचे भाव उसळतात, त्या वर्षांत शहराच्या ठेवींवरचे व्याज त्यांच्या जवळपासही जात नाही.

उरलेले नऊ-साडेनऊ लाख कोण देणार? पुढच्या घरांकडून ते वसूल करता येत नाहीत. आधीपासून असलेल्या उणिवेचा खर्च नव्या विकासावर टाकायला कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे आणि शुल्काचे मूळ तत्त्वही तेच सांगते : ज्याने भार टाकला त्याने, आणि त्याच्या वाट्यापुरतेच द्यावे. मागच्याने कमी दिलेले पुढच्याच्या माथी मारता येत नसेल, तर ते शहराच्या सर्वसाधारण निधीतून येतात. म्हणजे वाचनालयाच्या वेळेतून, खड्डे बुजवण्याच्या पैशातून, जुन्या रहिवाशांच्या खिशातून. नाहीतर चौक तसाच राहतो. शुल्क न वाढवणे म्हणजे तटस्थ राहणे, असा समज शहर परिषदेच्या बैठकांत वारंवार ऐकू येतो. तो चुकीचा आहे. आकडा गोठवला की दरवर्षी नकळत एक सवलत दिली जाते. ती कोणाला आणि का, याचा ठराव मात्र कुणी केलेला नसतो.

निर्देशांक कोणता

इथे शहरे सगळ्यात जास्त चुकतात. हाताशी असतो तो ग्राहक किंमत निर्देशांक. केंद्र सरकारचे कामगार आकडेवारी कार्यालय तो दरमहा प्रसिद्ध करते आणि नागरिकांच्या ओळखीचाही तोच असतो. पण त्यात घरभाडे, अन्नधान्य, औषधे, कपडे असतात. शहर या शुल्कातून भाजीपाला घेत नाही. ते पाइप, सळ्या, डांबर आणि मजुरांचे तास घेते. २०२१-२२ मध्ये दोन्ही महागाया चढ्या होत्या, पण त्यांची कारणे आणि वेळापत्रके वेगळी होती. लाकडाचे भाव २०२१ च्या वसंतात विक्रमी पातळीला गेले. ग्राहक महागाईने वार्षिक ९.१ टक्क्यांचा उच्चांक गाठला तो जून २०२२ मध्ये.

म्हणून बहुतेक जाणकार 'इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड' या व्यावसायिक नियतकालिकाचा बांधकाम खर्च निर्देशांक सुचवतात. १९१३ सालची पातळी १०० धरून तो मोजला जातो आणि २० शहरांची सरासरी दरमहा छापली जाते. त्याची टोपली आश्चर्य वाटावे इतकी लहान आहे : साध्या मजुरीचे २०० तास, २,५०० पौंड स्ट्रक्चरल स्टील, १.१२८ टन पोर्टलंड सिमेंट आणि १,०८८ बोर्ड फूट चिरीव लाकूड. बस्स. त्यात डांबर नाही, जलवाहिनीचा पाइप नाही, डिझेल नाही आणि जमीन तर नाहीच. टोपलीत मजुरीचे वजन सर्वांत मोठे असल्यामुळे एखाद्या शहरापुरता निर्देशांक कित्येक महिने जागचा हलत नाही आणि मजुरीचा नवा करार झाला की एका महिन्यात उडी घेतो. सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीची अनेक शहरे सॅन फ्रान्सिस्कोचा निर्देशांक वापरतात. त्यांच्या शुल्कातली वार्षिक वाढ कोणत्या महिन्याची कोणत्या महिन्याशी तुलना केली यावर बरीच अवलंबून राहते. महिना स्थानिक कायद्यात लिहून ठेवलेला नसेल, तर वाद ठरलेलाच.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. हा निर्देशांक मालाची आणि मजुरीची किंमत मोजतो, निविदेची नाही. २००८ च्या मंदीनंतर कंत्राटदार कामासाठी आसुसले होते आणि अंदाजपत्रकाच्या बऱ्याच खाली निविदा भरत होते. कॅलिफोर्नियाच्या राज्य महामार्ग खात्याचा, प्रत्यक्ष निविदांवर आधारलेला निर्देशांक त्या वर्षांत घसरला. 'इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड'चा निर्देशांक मात्र २००८ मधील ८,३१० च्या वार्षिक सरासरीवरून २००९ मध्ये ८,५७० वर गेला. म्हणजे काम स्वस्त होत असताना शुल्क वाढत होते. याच्या उलट निविदा निर्देशांकाची अडचण अशी की एखाद्या तिमाहीत दोन-चार मोठ्या पुलांची कंत्राटे आली तरी तो वेडावाकडा हलतो. त्यावर शुल्काची वार्षिक वाढ बांधायची तर तीन वर्षांची सरासरी घ्यावी लागते.

जमिनीचा प्रश्न वेगळा. उद्यान शुल्कात निम्म्याहून अधिक खर्च जमिनीचा असू शकतो आणि जमिनीचा भाव पोलादाच्या मागे चालत नाही. शहाणी शहरे शुल्काचे दोन भाग करतात : बांधकामाचा भाग निर्देशांकाने आणि जमिनीचा भाग ताज्या मूल्यांकनाने. ज्या शुल्कातून जुने कर्जरोखे फेडायचे असतात, तिथे हप्ता ठरलेला असतो. त्या भागाला निर्देशांक लावणे चूकच.

आकडेमोड

सूत्र साधे : मूळ शुल्क गुणिले चालू निर्देशांक भागिले मूळ वर्षाचा निर्देशांक. समजा ठरावाच्या महिन्यात निर्देशांक १२,५०० होता आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात १३,१२५ झाला. वाढ ५ टक्के. ८,६४० डॉलरचे शुल्क ९,०७२ होते. दरवर्षी मागच्या वर्षीच्या पूर्णांकित आकड्यावर वाढ लावली, तर पूर्णांकनाच्या चुका साठत जातात; म्हणून दर वेळी मूळ वर्षाकडे परतणे बरे.

बहुतेक ठिकाणी नवा दर १ जुलैला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, किंवा १ जानेवारीला लागू होतो. निर्देशांक नसलेल्या शहरात दहा वर्षांनी शुल्क नव्याने ठरवण्याचा अभ्यास होतो, शुल्क एकदम दीडपट होते आणि शेवटच्या आठवड्यात परवाना खिडकीवर नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन रांग लागते. अर्धवट आराखडेही दाखल केले जातात. वाढ ३-४ टक्क्यांची असेल तर ही धावपळ करण्यात कुणाला अर्थ वाटत नाही.

कायद्याची चौकट

शुल्क हा कर नव्हे आणि तो कर होऊ नये याची काळजी न्यायालये घेतात. नोलन (१९८७) आणि डोलन (१९९४) या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परवान्याबरोबर घातलेल्या अटीचा बांधकामाच्या परिणामाशी खरा संबंध हवा आणि ती ढोबळमानाने प्रमाणात हवी. १२ एप्रिल २०२४ रोजी शीट्झ विरुद्ध एल डोराडो काउंटी या खटल्यात न्यायालयाने एकमताने स्पष्ट केले, की शुल्क विधिमंडळाने किंवा परिषदेने सरसकट ठरवले असले तरी या कसोटीतून त्याला सूट नाही. वाद २३,४२० डॉलरच्या वाहतूक शुल्काचा होता. निर्देशांकाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. मूळ अभ्यास जेवढा पक्का तेवढीच त्यावरची वाढ पक्की; कच्च्या आकड्याला दरवर्षी ४ टक्के लावले तर कच्चेपणाही ४ टक्क्यांनी वाढतो.

म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०२१ च्या एका कायद्याने शुल्कामागचा अभ्यास किमान दर आठ वर्षांनी नव्याने करणे बंधनकारक केले. टेक्सासमध्ये ही मुदत पाच वर्षांची आहे. शिवाय तिथे भूखंडावर एकदा शुल्काची आकारणी झाली की त्या भूखंडापुरते ते वाढवता येत नाही. ओरेगनच्या कायद्याची मांडणी मला सर्वांत स्वच्छ वाटते : साहित्य, मजुरी किंवा जमिनीच्या खर्चातील बदलानुसार, अथवा ठरवून दिलेल्या निर्देशांकानुसार केलेली वाढ ही शुल्कातील 'दुरुस्ती' मानलीच जात नाही, त्यामुळे सूचना-सुनावणीचे सगळे सोपस्कार पुन्हा करावे लागत नाहीत. फ्लोरिडाने २०२१ मध्ये उलट दिशा धरली. तिथे २५ टक्क्यांपर्यंतची वाढ दोन समान वार्षिक हप्त्यांत, २५ ते ५० टक्क्यांची चार हप्त्यांत करावी लागते. ५० टक्क्यांच्या वर जाता येत नाही आणि चार वर्षांत एकदाच वाढ करता येते. असाधारण परिस्थिती सिद्ध केली तरच अपवाद.

कॅलिफोर्नियातील एका कलमाकडे शहरांनी विशेष लक्ष द्यायला हवे. २०१९ च्या गृहनिर्माण संकट कायद्यानुसार विकासकाने प्राथमिक अर्ज पूर्ण दाखल केला की त्या दिवशीचे नियम आणि शुल्क त्याच्यासाठी गोठतात. यातून निर्देशांकानुसार होणारी वाढ वगळलेली आहे, पण अटी आहेत : वाढ आपोआप होणारी आणि वार्षिक हवी, निर्देशांक स्वतंत्रपणे प्रसिद्ध होणारा हवा आणि शुल्काच्या मूळ ठरावात त्याचा उल्लेख हवा. ज्या शहराने 'परिषद वेळोवेळी आढावा घेईल' एवढेच लिहिले, त्याला हा लाभ मिळत नाही. एका वाक्याचा फरक, आणि शेकडो घरांचे शुल्क जुन्या दरावर अडकते.

आक्षेप

बिल्डरांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. प्रकल्पाचे गणित मांडले जाते तेव्हा आणि शुल्क भरले जाते तेव्हा यांत दोन-तीन वर्षे जातात. मधल्या वाढीचा अंदाज नसेल तर बँक कर्जाला हात आखडते. कॅलिफोर्नियात शाळांच्या इमारतींसाठी नव्या बांधकामाकडून घेतल्या जाणाऱ्या शाळा शुल्काचे उदाहरण बोलके आहे. राज्याचे मंडळ ते दर दोन वर्षांनी बांधकाम खर्चानुसार बदलते. निवासी बांधकामाचा दर चौरस फुटाला १९९८ मध्ये १.९३ डॉलर होता, २०२० मध्ये ४.०८, २०२२ मध्ये ४.७९ आणि २०२४ मध्ये ५.१७. यातली २०२० ते २०२२ ही एकच उडी १७ टक्क्यांची होती. निर्देशांक वाढ सुरळीत करतो हे खरे, पण तो स्वतःच उसळला तर शुल्कही उसळते. यासाठी काही ठिकाणी वार्षिक कमाल मर्यादा घालतात. सॅन फ्रान्सिस्को आधी आपल्याच पायाभूत बांधकामाच्या खर्चवाढीचा वार्षिक अंदाज वापरत असे. २०२३ मध्ये घरबांधणी अडल्यावर शहराने त्याऐवजी सरसकट वार्षिक २ टक्के वाढ स्वीकारली. विकासकाला हे सोयीचे आहे. खर्च त्याहून वेगाने वाढला तर फरक शहर सोसणार, हे मात्र तिथे उघडपणे ठरवून स्वीकारलेले आहे आणि माझ्या मते गोठवलेल्या आकड्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

परवडणाऱ्या घरांना सूट द्यायची असेल तर तीही अशीच उघडपणे, स्वतंत्र ठरावाने आणि भरपाई कुठून होईल हे लिहून द्यावी. महागाईच्या हातून ती दिली, तर अल्पउत्पन्न गटाच्या इमारतीइतकीच ती आलिशान बंगल्यालाही मिळते.

निर्देशांक खाली आला तर काय, याचे उत्तर फार थोड्या शहरांच्या कायद्यात असते. अनेक ठिकाणी 'वाढेल' एवढाच शब्द आहे. कॅलिफोर्नियाचा शाळा शुल्काचा दरही २०१० मध्ये २००८ च्याच २.९७ डॉलरवर राहिला. पण शुल्क सेवेच्या वाजवी खर्चाहून अधिक असू नये असा नियम असताना दरवाजा एकाच बाजूला उघडणारा ठेवणे न्यायालयात टिकेल याची खात्री नाही. 'वाढेल किंवा घटेल' असे लिहायला दोनच शब्द जास्त लागतात.