आरशाच्या कडेचे काळे डाग : एक खुलासा

‘ड्रेसिंग टेबलच्या आरशाच्या कडेला पडलेले काळे डाग टूथपेस्टने किंवा लिंबू-व्हिनेगरने घासले की निघून जातात’, असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. काचेवरची पावडर आणि तेलकट बोटांचे ठसे पुसल्यावर जातात, त्यामुळे यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. परंतु हे डाग काचेच्या पुढच्या बाजूला नसतातच.

आरशात प्रतिबिंब दिसते ते काचेच्या मागे चढवलेल्या चमकदार धातूच्या, बहुधा चांदीच्या, अतिशय पातळ थरामुळे, आणि त्या थराच्या रक्षणासाठी मागून रंग दिलेला असतो. कापलेल्या कडेशी हे संरक्षण सर्वांत कमकुवत असते. तिथून ओलावा आत शिरला की थर काळवंडतो आणि सुटू लागतो. ठाणे, वाशी, ऐरोली अशा खाडीलगतच्या भागांत पावसाळ्यातली दमट हवा याला हातभार लावते.

खात्री घरीच करता येते. काचेवर कुंकवाचा ठिपका लावून तिरके पाहावे : ठिपका आणि त्याचे किंचित सरकलेले प्रतिबिंब अशी जोडी दिसते. काळा डाग मात्र एकटाच दिसतो, कारण तो मागच्या थरातच असतो.

घासल्याने उलट काचेवर बारीक चरे पडू शकतात, आणि आम्ल कडेतून झिरपले तर डाग वाढतात. फवारा थेट आरशावर न मारता मऊ कापडावर मारावा आणि खालची कड, जिथे पाणी साचते, ती लगेच कोरडी करावी. माझ्या मते हीच सवय सर्वांत मोलाची आहे. काळवंडलेला भाग मात्र नवा थर चढवल्याशिवाय किंवा काच बदलल्याशिवाय पूर्ववत होत नाही.