यंग लाइव्ह्ज

यंग लाइव्ह्ज : विकसनशील देशांतील गरीब मुलांचे शिक्षण, पोषण आणि राहणीमान यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारा संशोधन प्रकल्प. ब्रिटनमधील ऑक्सफर्ड विद्यापीठातून तो चालतो. इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि भारत या चार देशांतील सुमारे १२,००० मुलांचा त्यात समावेश आहे. भारतातील मुले अखंड आंध्र प्रदेशातून निवडलेली. २०१४ च्या विभाजनानंतर त्यांतली काही तेलंगणाची झाली.

मुलांचे दोन गट आहेत : १९९४-९५ मध्ये जन्मलेली आणि २००१-०२ मध्ये जन्मलेली. पहिली पाहणी २००२ साली झाली, तेव्हा धाकटी मुले जेमतेम वर्षाची होती. पुढे २००६, २००९, २०१३ आणि २०१६ मध्ये त्याच घरांत पुन्हा जाऊन उंची-वजन, वाचन-गणित, घरची मिळकत यांची नोंद झाली. कोविडकाळात हे काम फोनवर चालले. एकदाच केलेल्या पाहणीत किती मुलांनी शाळा सोडली एवढेच कळते. इथे त्याच मुलाचे आधीचे आजारपण, बापाचे कर्ज, पडलेला दुष्काळ हेही समोर असते. मुलांना स्वतःच्या आयुष्याबद्दल काय वाटते, हे नऊ पायऱ्यांची शिडी दाखवून विचारतात : सर्वांत वरची पायरी म्हणजे सर्वांत चांगले आयुष्य, तळची म्हणजे सर्वांत वाईट; मूल आपली पायरी सांगते. उत्तर अर्थातच मूल स्वतःची तुलना कोणाशी करते यावरही ठरते, त्यामुळे देशादेशांतील असे आकडे शेजारी मांडताना जपून राहावे लागते.

निवडीत गरीब वस्त्यांना मुद्दाम झुकते माप दिले आहे. म्हणून हे निष्कर्ष संपूर्ण देशाचे, किंवा सीमेपलीकडच्या मराठवाड्याचेही, म्हणून खपवता येत नाहीत.

शिक्षणाबाबतचा निष्कर्ष सर्वांत बोलका आहे. पाचव्या वर्षी व्हिएतनामच्या आणि इतर देशांच्या मुलांत अंतर थोडेच होते. शाळा सुरू झाल्यावर ते वाढत गेले. व्हिएतनाममधील प्राथमिक शाळेचे एक वर्ष मुलाला भारतातल्या किंवा पेरूतल्या वर्षापेक्षा अधिक गणित शिकवते. दोष घरच्या गरिबीवर ढकलून शाळेला मोकळे सोडण्याची सवय या आकड्यांपुढे टिकत नाही.

आंध्रात लहानपणी दुष्काळाची झळ बसलेल्या मुलांच्या वाढीतील तूट माध्यान्ह भोजनाने बऱ्याच अंशी भरून काढली, असेही दिसले. खुंटलेली वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांनंतर सुधारतच नाही, या समजाला त्यामुळे छेद गेला. आंध्र-तेलंगणातील थोरल्या गटात एकोणिसाव्या वर्षापर्यंत लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. लवकर शाळा सुटलेल्या मुलींत ते विशेष होते.