पोवाडा डोक्यात कसा राहतो

पोवाड्याला उभ्या राहिलेल्या शाहिरासमोर सहसा कागद नसतो. पुण्यात फेब्रुवारीत शिवजयंतीचे मांडव पडतात तेव्हा हे नीट पाहता येतं. दोन्ही हात डफात गुंतलेले, शेजारी तुणतुणं, मागे पालुपद धरणारे झीलकरी, आणि तोंडून एकामागून एक ओळी चालू. नावं, गावं, गडांच्या वाटा, कुणी कुणाला काय म्हटलं, सगळं क्रमानं येतं. लोक म्हणतात, काय पाठांतर आहे! पाठांतर असतंच, पण स्मरणशक्तीच्या अभ्यासकांना यात आणखी काही दिसलं आहे. लक्षात ठेवण्याचं बरंचसं काम गाण्याची बांधणीच करत असते. यमक, पालुपद, ‘जी जी रं जी’ यांना आपण अलंकार म्हणून बाजूला ठेवतो. माझ्या मते पोवाड्यावरचा हा मोठा अन्याय आहे.

यमकापासूनच सुरुवात करू. ‘किल्ल्याचा एक भाग सांगा’ असं विचारलं तर कुणी बुरूज म्हणेल, कुणी तट, कुणी दरवाजा. नुसतं ‘नाचीशी जुळणारा शब्द सांगा’ म्हटलं तर वाची, साची, काची असं काहीही येईल. आता दोन्ही अटी एकत्र घाला: किल्ल्याचा भाग, आणि नाचीशी जुळणारा. बहुतेक जण एका दमात ‘माची’ म्हणतील. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि वांडा वॉलेस यांनी १९८९ मध्ये नेमका हाच प्रकार प्रयोगानं तपासला. नुसत्या अर्थाच्या किंवा नुसत्या यमकाच्या खुणेवरून हवा तो शब्द फार थोड्यांना सुचत होता. दोन्ही खुणा मिळाल्या की जवळजवळ सगळ्यांना सुचत होता. दोन खुणांचा परिणाम बेरजेच्या कितीतरी पलीकडे गेला. शाहीर ओळीच्या शेवटाकडे येतो तेव्हा कथा एका बाजूनं शब्द आवळत असते आणि यमक दुसऱ्या बाजूनं. निवडायला फारसं काही उरतच नाही, म्हणून चुकायलाही फारशी जागा उरत नाही.

चालीचं गणित थोडं वेगळं आहे. वॉलेस यांचा १९९४ चा प्रयोग कथागीतांवरच होता. तीच चाल कडव्यामागून कडव्यात पुन्हा येत राहिली तर ऐकणाऱ्यांना शब्द बोललेल्यापेक्षा गायलेले जास्त आठवले. पण एकच कडवं ऐकवलं तेव्हा हा फायदा दिसला नाही. म्हणजे सूर कानात बसेपर्यंत तो उपयोगी पडत नाही. एकदा बसला की या ओळीत किती जागा आहे, कुठे जोर येणार, कुठे थांबायचं, हे शब्द सुचण्याआधीच ठरलेलं असतं. पोवाड्याची चाल ऐकायला साधी, तीच ती वाटते. तिनं वळणं घेतली असती तर ती ऐकायला अधिक गोड झाली असती, पण शब्दांना धरून ठेवण्याचं काम तिच्याकडून झालं नसतं.

आपण जेवढं साधारण दोन सेकंदांत बोलू शकतो तेवढंच मनात तात्पुरतं घोळवता येतं, असं ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांच्या संशोधनातून दिसलं. पोवाड्याची ओळ त्याच मापाच्या आसपास असते. अक्षरं मात्र कमी-जास्त असतात. ती ठेक्यात बसवायला शाहीर स्वर ताणतो, नाहीतर ‘हो’, ‘रं’, ‘दादा’ घालतो. छापलेल्या पोवाड्यात हे शब्द फालतू भरताड वाटतात, म्हणून संपादक ते कधी गाळूनही टाकतात. पण ठेका सांभाळतात तेच. मग झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात. तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ जुळवता येते आणि श्रोत्यांनाही मागची ओळ पचवायला वेळ मिळतो. डफाचं कामही नुसतं साथीचं नाही. माणूस स्तब्ध बसून ठेका ऐकत असला तरी मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग कामाला लागतात, आणि पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज शरीर आधीच बांधतं. ‘जी’मधल्या ‘ई’ या स्वराची बरीच ताकद दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास असते. आपला कानही साधारण त्याच टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो. ध्वनिवर्धक नसताना मैदानाच्या टोकाला ही झील पोचत असे त्यामागे हेही कारण असावं, असा माझा कयास आहे.

मग शाहिराला सगळा पोवाडा शब्दशः पाठ असतो का? याचं सर्वांत भक्कम उत्तर तेव्हाच्या युगोस्लाव्हियातून आलं. अमेरिकी अभ्यासक मिलमन पॅरी १९३३ ते १९३५ या काळात तिथल्या वीरगाथा गायकांचं ध्वनिमुद्रण करत होते, आणि त्यांचे सहायक आल्बर्ट लॉर्ड यांनी ते काम पुढे नेलं. त्यातला अवदो मेजेदोविच हा गायक निरक्षर होता, आणि त्याच्याकडून बारा हजारांहून अधिक ओळींची एक गाथा त्यांनी उतरवून घेतली. आपण दर वेळी अक्षरन् अक्षर तेच गातो, असं तिथले गायक ठामपणे सांगत. पण ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली तर ओळी बदललेल्या, प्रसंग लांबलेले किंवा आखडलेले दिसत. गायकांकडे होता तो तयार शब्दसमूहांचा साठा, आणि ते ठेक्यात बसवण्याचं कसब.

आपल्या पोवाड्यात हा साठा कान दिला की लगेच सापडतो. ‘शिवाजी’, ‘शिवाजी सरजा’, ‘शिवाजी महाराज’: माणूस एकच, पण ओळीत जेवढी जागा असेल तेवढं नाव. ‘मर्द मावळा’ हेही तसंच. वाचताना ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, गाताना तिच्यावर पाय ठेवूनच पुढे जाता येतं.

स्कॉटलंड-इंग्लंडच्या लोकगाथांतही हीच हाडं दिसतात. अमेरिकी अभ्यासक फ्रान्सिस चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात अशा ३०५ गाथा पाठभेदांसह छापल्या. चार ओळींचं कडवं, चार आणि तीन ठोक्यांच्या आलटून पालटून येणाऱ्या ओळी, दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक. एक फरक मात्र मोठा आहे. तिथला गाणारा बहुधा अनाम राहतो, आपला शाहीर शेवटी स्वतःचं नाव घालतो. दोन्हीकडे कथा सारख्या गतीनं चालत नाही. वर्षं एका ओळीत उडून जातात, आणि एका प्रसंगावर गाणं ठाण मांडून बसतं.

सिंहगडाचा पोवाडा याचा उत्तम नमुना आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची ती लढाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत मावळे वानरासारखे कडा चढून जातात आणि हकिगत पुढे सरकते. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात मात्र घोरपड येते, तिला यशवंती हे नाव मिळतं, ती अर्ध्यातून मागे फिरते आणि तानाजी तिला दम देतो. घोरपडीला दोर बांधून माणसं वर चढवणं प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं पटत नाही. एका सरड्यानं गडी पेलायचे कसे? पण ‘कडा चढले’ या दोन शब्दांतून डोळ्यांसमोर फारसं चित्र उभं राहत नाही. घोरपड दिसते, ऐकू येते, तिच्याशी भांडता येतं. रुबिन यांनी मौखिक परंपरांचा जो अभ्यास केला त्यातही मूर्त, हालचालीनं भरलेली दृश्यं तगून राहतात आणि अमूर्त मजकूर गळतो, असंच आढळलं. पुण्यातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा, लढाईचं साल आठवो न आठवो, घोरपड आठवतेच.

हे पोवाडे चोपड्यांतून आणि गळ्यांतून फिरत होते. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये त्यांचा संग्रह छापला, आणि १९२८ मध्ये य. न. केळकरांच्या ‘ऐतिहासिक पोवाड्यां’चा पहिला भाग आला. त्याआधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवरचा पोवाडा लिहूनच छापला होता. लांबलचक संस्कृत शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत पोचायचं तर पोवाड्याइतकं योग्य साधन नाही, हे त्यांना अचूक कळलं होतं.

या संग्रहांचं ऋण मोठं आहे. पण छापताना प्रत्येक पोवाड्याचं एक रूप पक्कं झालं, झील गळाली, थांबे गळाले, आणि त्याच पोवाड्याची दुसऱ्या रात्री गायलेली रूपं कुठेच नोंदली गेली नाहीत. जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत पुण्यातूनच वेगळं काम उभं राहिलं. हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ यांच्या गटानं गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आवाजासकट जपल्या. पोवाड्याला असं काम हवं आहे. आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे, पण शिवजयंतीला फिरतात ते दोन मिनिटांचे तुकडे. शाहिराची परवानगी घेऊन, सुरुवातीच्या गणापासून शेवटच्या नाममुद्रेपर्यंत, झीलकऱ्यांचा आवाज स्वच्छ येईल असं सलग ध्वनिमुद्रण करावं. आणि पुढच्या वर्षी तोच पोवाडा त्याच शाहिराकडून, वेगळ्या गावात, वेगळ्या श्रोत्यांसमोर पुन्हा ध्वनिमुद्रित करावा.