पार्श्वभूमी : रेम झोपेला ‘स्वप्ननिद्रा’ का म्हणू नये

मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा पाठीच्या कण्याकडे उतरणारा देठ, मेंदूला जागे ठेवतो, हे १९४९ मध्ये ठळकपणे समोर आले. त्याआधी ब्रसेल्समध्ये मांजरांच्या मध्यमेंदूत छेद घेतल्यावर वरच्या मेंदूत झोपेच्या संथ लहरी दिसल्या होत्या. संवेदना वर पोहोचत नाहीत म्हणून मेंदू झोपतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. १९४९ च्या प्रयोगात भूल दिलेल्या मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातल्या जाळीदार गाभ्याला विद्युत उत्तेजन दिले, तर त्याच संथ लहरी मोडून जागेपणीच्या जलद लहरी उमटल्या. मेंदूला जागे करणारी यंत्रणा आतच होती.

खरा गुंता पुढे झाला, तोही एका नावामुळे. १९५३ मध्ये शिकागोत झोपलेल्या माणसांचे डोळे ठरावीक टप्प्यांत मिटल्या पापण्यांआड भरभर फिरतात, अशी नोंद झाली. त्या टप्प्यात उठवलेली माणसे बहुधा स्वप्न सांगत. नाव डोळ्यांवरून पडले, ‘रॅपिड आय मूव्हमेंट’ म्हणजे रेम झोप, आणि ओळख स्वप्नांची चिकटली. मराठीत तर ‘स्वप्ननिद्रा’ हा शब्द सहज सुचतो. जागृती, स्वप्न, सुषुप्ती ही त्रयी आपल्याकडे तयारच होती. माझ्या मते हा शब्द दिशाभूल करतो. रेम नसलेल्या झोपेतून उठवलेली माणसेही स्वप्ने सांगतात, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. उलट पुढच्या मेंदूला विशिष्ट इजा झालेल्या काही रुग्णांची स्वप्ने थांबली, पण रेम झोप चालूच राहिली. दोन गोष्टी बहुतेकदा सोबत असतात, म्हणून त्या एकच ठरत नाहीत.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात १९५९ च्या सुमारास याच झोपेला ‘विरोधाभासी झोप’ म्हटले गेले. मला ते नाव जास्त प्रामाणिक वाटते, कारण ते नोंदीतून आले. मांजर झोपलेले, मेंदूच्या लहरी जाग्या प्राण्यासारख्या आणि मानेच्या स्नायूंच्या विद्युत नोंदीची रेघ मात्र साफ सपाट. वरचा मेंदू काढून टाकलेल्या मांजरांतही हा शिथिलपणा ठरावीक वेळाने येई. म्हणजे त्याचा उगम खाली, मस्तिष्कस्तंभाच्या सेतू या मधल्या भागात. पुढे सेतूतला एक छोटा पट्टा नष्ट केल्यावर झोपलेले मांजर त्याच टप्प्यात उठून उभे राही, समोर नसलेल्या भक्ष्यावर झडप घाली. आपण रोज रात्री अंथरुणात निश्चल पडून राहतो, ते या पट्ट्याच्या कृपेने.

त्यानंतरची मांडणी चेतापेशींच्या भाषेत झाली. नीलबिंदू हा सेतूतला, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन स्रवणारा पेशींचा पुंजका. माणसात दोन्ही बाजूंच्या मिळून त्यात लाखभरही पेशी नाहीत. जागेपणी त्या सक्रिय, गाढ झोपेत मंद आणि रेममध्ये जवळपास गप्प असतात. अ‍ॅसिटिलकोलिन हे दुसरे रसायन स्रवणाऱ्या शेजारच्या काही पेशी रेममध्ये चेकाळतात. १९७५ मध्ये या दोन गटांच्या रस्सीखेचीचे प्रतिमान मांडले गेले आणि बराच काळ तेच शिकवले गेले. २००० नंतर चित्र पालटले. रेमची मुख्य कळ सेतूतल्या, ग्लुटामेट हे रसायन स्रवणाऱ्या पेशींकडे गेली. त्या लंबमज्जेतल्या, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या सर्वांत खालच्या भागातल्या, निरोधक पेशींना चेतवतात आणि या निरोधक पेशी स्नायूंकडे जाणारा हुकूम अडवतात.

१९९८ मध्ये ओरेक्सिन हे मेंदूतले रसायन सापडले. ते अधश्चेतकात, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या वर तयार होते, पण नीलबिंदूसारख्या जागेपणाच्या पेशींना आधार देते. नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार; त्याच्या ज्या प्रकारात हसता हसता गुडघे लटके पडतात, त्यात ओरेक्सिनच्या बहुतेक पेशी नष्ट झालेल्या असतात. तो लटकेपणा म्हणजे रेममधली स्नायूशिथिलता, जागेपणी आलेली. ‘स्वप्ननिद्रा’ या शब्दातून हे कधीच उमगले नसते.

मांजरांत पाहिलेले १९८६ मध्ये माणसांतही नोंदले गेले. झोपेत लाथा मारणारे, पलंगावरून उडी घेणारे हे रुग्ण प्रामुख्याने उतारवयातले पुरुष होते. अशा २९ पुरुषांपैकी ३८ टक्क्यांना पुढे कंपवातासारखा आजार झाल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गटाच्या नंतरच्या पाठपुराव्यात हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. म्हणून आज झोपेच्या तपासणीत तंत्रज्ञ डोक्यावर आणि डोळ्यांजवळ तारा चिकटवतोच, शिवाय हनुवटीवरही चिकटवतो. डोळे भरभर फिरत असताना हनुवटीची रेघ सपाट व्हायला हवी. ती खडबडीत राहिली, तर डॉक्टर रुग्णाला चालणे, हातांची थरथर आणि वास येण्याबद्दल विचारू लागतात.