ओपन सोर्स लायब्ररीत बदल सुचवायचा असेल तर: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीला (म्हणजे कोणीही पाहू आणि बदलू शकेल अशा तयार कोडच्या संग्रहाला) ‘बेळगाव’ हे नाव दिले आणि वेबपत्त्यात बसेल असे करून मागितले, तर कधीकधी ‘बळगव’ परत मिळते. निपाणीचे ‘नपण’ होते, चिक्कोडीचे ‘चककड’. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या सूत्रातली, बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर एवढेच धरते. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त युनिकोडच्या (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) लेखी अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे. लायब्ररीने ‘बाकीचे काढून टाक’ म्हटले की तीच गळतात. हेच उदाहरण धरून रीत पाहू.

कोण अर्ज करू शकतो

कोणीही. नाडकचेरीतला एकही दाखला लागत नाही, पदवीही नाही. असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या गिटहब या संकेतस्थळाच्या खात्यासाठी वय १३ पूर्ण हवे, बस्स. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी आणि दहा वर्षे मुरलेला इंजिनिअर एकाच रांगेत उभे असतात.

अडचण असते ती नोकरदारांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कंपनीसाठी घरून काम करत असाल तर आधी करारपत्र वाचा आणि लेखी होकार घ्या. ईमेल पुरते, तोंडी ‘चालेल’ पुरत नाही.

काय काय जवळ हवे

गिटहबचे खाते आणि त्यावर दुहेरी पडताळणी. कोड देणाऱ्यांना ती २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. मग हक्कांचा कागद. तो दोन तऱ्हेचा असतो. काही प्रकल्प सीएलए म्हणजे योगदान करार मागतात: पहिल्या पुल रिक्वेस्टवर (‘माझा बदल सामील करून घ्या’ या विनंतीवर) बॉट, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅम, दुवा टाकतो, तिथे एकदा सही केली की काम झाले. काही डीसीओ, म्हणजे हा कोड देण्याचा हक्क आपल्याला आहे असे स्वतःचे प्रमाणपत्र, मागतात. ही २००४ मध्ये लिनक्स कर्नलने सुरू केलेली पद्धत. प्रत्येक कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ, नाव आणि ईमेल. कमिट करताना ‘डॅश एस’ दिले की ओळ आपोआप येते. गोंधळ इथेच होतो: कमिटवर कॉलेजचा ईमेल, सहीत जीमेल. तपासणी लाल दिसते आणि लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. गिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये एकच ईमेल ठेवा.

कोणत्या खिडकीवर

बहुतेक अर्ज चुकीच्या खिडकीवर गेल्यामुळे परत येतात. वेलांटी गळते ही चूक आहे, म्हणून तिचा इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावरची तक्रारनोंद, लिहायचा. नवी सोय हवी असेल तर कोड लिहिण्याआधी चर्चा. बदल पायथन भाषेतच हवा असेल तर पीईपी (पायथनमधल्या सुधारणेचा औपचारिक प्रस्ताव) लिहावे लागते. लिहिणारा कोअर टीममधला, म्हणजे पायथनच्या मुख्य विकासकांपैकी, नसेल तर त्याला प्रायोजक हवा आणि निर्णय स्टिअरिंग कौन्सिल या सुकाणू मंडळाचा. रस्ट या भाषेत आरएफसी (मते मागवणारा प्रस्ताव) असते, तिच्या शेवटच्या टप्प्यात हरकतींना दहा दिवस देतात. महिन्याचे मराठी नाव किंवा तारखेची मांडणी चुकली असेल तर लायब्ररीवाल्यांना दोष देऊ नका. ती माहिती बहुधा युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-प्रदेशांच्या माहितीसाठ्यातून येते आणि तिथली दुरुस्ती मुख्यतः त्यांच्या सर्व्हे टूल या साधनातून, ठरलेल्या मुदतीत होते.

गावांच्या यादीत ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’ आहे. सरकारी नाव मुख्य रकान्यात, ‘बेळगाव’ पर्यायी नाव म्हणून, सोबत अधिसूचनेचा दुवा. असा प्रस्ताव टिकतो. सीमावाद पुल रिक्वेस्टमध्ये आणला की धागा कुलूपबंद होतो आणि एकही नाव यादीत जात नाही.

प्रत्यक्ष अर्ज

आधी जुने इश्यू, बंद झालेलेसुद्धा, शोधा. कोणी मांडला असेल तर त्यातच भर घाला. नसेल तर नवा लिहा: लायब्ररीची आणि पायथनची आवृत्ती, चार-पाच ओळींचा कोड, काय मिळाले (‘बळगव’), काय मिळायला हवे होते (‘बेळगाव’). स्क्रीनशॉट नको, मजकूर हवा. चित्रातला कोड कोणी पुन्हा टंकत बसत नाही.

होकार आला की फोर्क (आपल्या खात्यात प्रकल्पाची प्रत), क्लोन (ती प्रत आपल्या संगणकावर) आणि नवी शाखा (बदलांची वेगळी वाट). मुख्य शाखेवर काम केले तर पुढच्या वेळी मूळ प्रकल्पाशी मेळ घालताना नाकी नऊ येतात. काहीही बदलण्याआधी आहेत त्या चाचण्या चालवा. त्यातली एखादी आधीच नापास असेल तर ती तुमच्या माथी बसायला नको. मग नवी चाचणी लिहा आणि ती नापास होते हे डोळ्यांनी पाहा, त्यानंतरच दुरुस्ती. आपल्या उदाहरणात ‘एमएन’ आणि ‘एमसी’ या जोडचिन्हांच्या युनिकोड वर्गांतली चिन्हे राखायची. चाचणीत ‘ॲप’ दोन्ही तऱ्हांनी घाला: एकसंध ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र. डोळ्यांना सारखे दिसतात, पण युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकरूप करण्याची रीत) त्यांना एक करत नाही. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ मात्र दोन तऱ्हांनी (एकसंध किंवा ‘र’खाली नुक्ता) लिहिला तरी एक होतो.

पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘फिक्सेस’ आणि इश्यूचा क्रमांक लिहिला की विलीन होताना इश्यू आपोआप बंद होतो. पाठवण्याआधी डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, वाचा. एडिटरने सेव्ह करताना सगळी फाइल नव्याने मांडली असेल, तर सहा ओळींच्या बदलाच्या सहाशे होतात आणि तपासणारा पहिल्या पानावरच थांबतो. एआयकडून कोड लिहून घेतला असेल तर प्रकल्पाचा नियम पाहा. काही ठिकाणी तो मुळीच चालत नाही.

नवख्याच्या पुल रिक्वेस्टवर स्वयंचलित चाचण्या लगेच सुरू होत नाहीत, सांभाळणाऱ्याची मंजुरी लागते. पिवळा ठिपका म्हणजे नकार नव्हे. ही मंडळी बहुतेक बिनपगारी आहेत. दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे विचारावे, रोज नाही. विलीन झाले तरी पुढची आवृत्ती निघेपर्यंत पिप हे पायथनच्या लायब्ररी बसवणारे साधन जुनीच लायब्ररी देत राहील. तोवर आपल्या कामात कमिटचा क्रमांक देऊन ती थेट रेपोमधून (प्रकल्पाच्या कोडसाठ्यातून) बसवता येते.