सिग्नलला गाडी धापा का टाकते?

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून जुन्या गाडीची प्रत्येक शिंक त्याच्याच खात्यावर जमा होते. आमच्या 2004 सालच्या, तीन सिलिंडरच्या 800 सीसी गाडीचंही तेच झालं. सिग्नलला एक्सलरेटरवरून पाय काढला की इंजिन घूंऽऽ करून चढायचं, मग मरगळायचं, पुन्हा चढायचं. शेजाऱ्यांचं निदान तयार होतं: "इथेनॉल!" आमच्या फिटरने मात्र स्कॅनर लावला आणि एवढंच म्हणाला, "स्लोमध्ये हंटिंग करतेय. कुठूनतरी हवा ओढतेय." (स्लो म्हणजे एक्सलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असणं, हंटिंग म्हणजे हे चढ-उतार.) स्क्रीनवर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, 900 ते 1700 असे झोके घेत होते.

इथेनॉल अगदी निष्पाप नाही, काही जुन्या रबरांना ते सोसत नाही. पण हा घोटाळा फक्त गाडी उभी असतानाच व्हायचा. हायवेला तीच गाडी सुतासारखी सरळ. आणि मला त्यातलंच भौतिकशास्त्र फार आवडतं.

स्लोमध्ये थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप जवळजवळ बंद असते आणि पिस्टन हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमधला, म्हणजे झडपेपासून सिलिंडरपर्यंतच्या हवेच्या वाटेतला, दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश होतो. आता तिथल्या एखाद्या पाइपला भोक पडलं, तर हवा आत घुसणारच. पण किती? आतला दाब जितका कमी तितकी हवा जास्त, असं आपल्याला वाटतं. ते एका हद्दीपर्यंतच खरं आहे. आतला दाब बाहेरच्या 53 टक्क्यांखाली गेला की भोकातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. दाबातला बदल हवेतून पसरतो तोही ध्वनीच्याच वेगाने. त्यामुळे 'आतला दाब आणखी उतरलाय' हा निरोप भोकापलीकडे पोचतच नाही. धरणाच्या सांडव्यावरून पाणी कोसळतं तेव्हा खालच्या नदीची पातळी हातभर उतरली म्हणून वरून जास्त पाणी येत नाही, तसंच हे.

म्हणजे भोक ठरलं की स्लोमध्ये आत येणारी हवाही ठरली. तीन मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण सव्वा ग्रॅम. एवढ्याशा इंजिनाला स्लोमध्ये मुळात हवा लागते दीडेक ग्रॅम! हायवेला ते दहा-अकरा ग्रॅम ओढतं, त्यात या चोरट्या हवेचा पत्ताही लागत नाही.

आता संगणकाची पंचाईत बघा. आमच्या गाडीत तो मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतो. चोरटी हवाही त्याच्या हिशेबात येते, तिच्या मापाने तो पेट्रोल सोडतो आणि आरपीएम चढतात. ते उतरवायला तो स्लोची हवेची वाट पूर्ण बंद करतो, तरी आरपीएम चढलेलेच. पाय तर एक्सलरेटरवर नाही. मग त्याला वाटतं, गाडी उतारावरून घरंगळतेय, आणि तो पेट्रोलच तोडतो. इंजिन मरगळलं की घाबरून पुन्हा सोडतो. प्रत्येक हुकूम अमलात यायला जरा वेळ लागतो, म्हणून सुधारणा नेहमी उशिरा आणि जास्तच होते. वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरलाही, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रालाही, असले झोके यायचे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1868 मध्ये त्यांचं गणित मांडलं होतं.

फिटरने मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं पंखा-बेल्टपासून लांब ठेवत पाइपांवरून फिरवलं. ब्रेक बूस्टरच्या जाड पाइपाशी 'स्स्स' ऐकू आलं. पाइपाला फडकं गुंडाळून त्याने तो मॅनिफोल्डच्या बाजूला पकडीने दाबला. झोके जागच्या जागी थांबले. बूस्टरच्या टोकाला, क्लिपखाली, उष्णतेने कडक झालेल्या रबराला नखाएवढी चीर होती. या पाइपातून पेट्रोल वाहत नाही, हवा ओढली जाते, तेव्हा इथेनॉल सुटलं. (हाच पाइप ब्रेकला जोर पुरवतो. पेडल कडक लागत असेल तर 'नंतर बघू' म्हणू नका.) बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीला आणि पेट्रोलच्या नळीवर बसवायच्या 'मायलेज वाढवणाऱ्या' चुंबकाला ही चीर दिसली नसती, हेही सांगून टाकतो.

पाइप बदलल्यावर आरपीएम 850ला स्थिरावले. एसी लावला की अजून क्षणभर डुबकी मारतात. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असावी, असा फिटरचा संशय आहे. रविवारी खोलणार आहोत.